बनावट मेलची ‘मॉक ड्रिल’ : पार्श्वभूमी

‘फिशिंग’ म्हणजे खोट्या मेलने फसवून माहिती काढणं, हा शब्द १९९० च्या दशकातला, पण कोण फसतं ते बघायला आपल्याच माणसांना मुद्दाम खोटा मेल पाठवायचं म्हटलं की सगळे २००४ चं उदाहरण देतात. अमेरिकेतल्या एका लष्करी अकादमीत ५०० च्या वर कॅडेट्सना एका कर्नलच्या नावाने मेल गेला, तुमच्या ग्रेडमध्ये गडबड आहे, लिंक बघा. असा कर्नल नव्हताच, आणि ८० टक्के पोरांनी लिंक दाबली. लष्करात वरून आलेलं आधी करायचं हीच सवय, त्यांना तरी काय नावं ठेवणार.

मधली वर्षं सोडतो, त्यात याचा धंदा झाला एवढंच, महिन्याला एक मेल, किती जणांनी क्लिक केलं त्याचा टक्का आणि साहेबांसाठी ग्राफ.

खरा घोळ शब्दाचा आहे. आपल्याकडे याला सर्रास मॉक ड्रिल म्हणतात. ७ मे २०२५ ला देशभर नागरी संरक्षणाचं झालं ते मॉक ड्रिल, सायरन वाजणार हे आधी जाहीर होतं आणि त्यात कोणी नापास झालं नाही. ऑफिसात होते ती मॉक टेस्ट, तीपण न सांगता. पणजीत मी पूर्वी होतो तिथे चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आठ दिवस आधी ‘फेस्टिव्हल ॲडव्हान्स मंजूर, खातं कन्फर्म करा’ असा मेल आला, अकाउंट्सच्या मॅडम गणपतीवर टांगायच्या माटोळीच्या सामानाची यादी करत बसलेल्या, दाबलं. दुसऱ्या दिवशी नाव नोटीस बोर्डावर. पुढे त्यांना खराच एक चोरटा मेल आला तेव्हा त्या कोणाला बोलल्याच नाहीत, आम्हाला चार दिवसांनी कळलं.

हेच मोठ्या प्रमाणावर डिसेंबर २०२० मध्ये झालं, ऐन कोविडात. वेबसाइटची नावं विकणाऱ्या एका अमेरिकन कंपनीने टेस्टमध्ये ६५० डॉलर बोनसचं आमिष लावलं, साधारण ५०० जण अडकले, बोनस नाहीच, वर ट्रेनिंग पुन्हा एकदा करा. बोंबाबोंब झाल्यावर माफी मागितली. चोर बोनसचंच आमिष दाखवतो मग आपण का नको, असं काहीजण म्हणतात. ठीक आहे, पण चोराला दुसऱ्या दिवशी आपल्याबरोबर चहा प्यायचा नसतो.

२०२१ मध्ये स्वित्झर्लंडच्या संशोधकांचा १५ महिने, १४,००० कर्मचाऱ्यांवरचा अभ्यास आला. क्लिक केल्याकेल्या समोर येणारं ट्रेनिंग उपयोगी पडेना, उलट काही लोक जास्तच फसायला लागले. कामाला आलं ते संशयास्पद मेल कळवायचं बटण.

आणि आपल्याकडे एप्रिल २०२२ मध्ये केंद्राचा आदेश आला, सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची. त्यामुळे टेबलाभोवती बसून करायच्या सरावाला अर्थ आला, म्हणजे रात्री अकराला सर्व्हर लॉक झालाय, आयटीवाला गोव्याच्या दक्षिण टोकाला काणकोणला आणि रेंज नाही, आता फोन कोणाला? आमच्या पहिल्याच बैठकीत कळलं की फोन नंबरांची यादी त्याच सर्व्हरवर होती.