रांग व्यवस्थापन

सेवा देणाऱ्याची क्षमता आणि सेवा घ्यायला येणाऱ्यांची संख्या यांचा मेळ दर क्षणी बसत नाही, म्हणून रांग लागते. कोणाचा नंबर आधी, किती खिडक्या उघड्या ठेवायच्या, ताटकळणाऱ्यांना काय सांगायचे आणि रांग लांबूच नये म्हणून आधी काय करायचे, हे ठरवण्याच्या पद्धतींना रांग व्यवस्थापन म्हणतात. दुकान, दवाखाना, बँक, उपाहारगृह, टोलनाका, सरकारी कचेरी अशा सर्व ठिकाणी त्याची गरज पडते. पुण्यात पेठेतल्या पिठाच्या गिरणीपासून मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रापर्यंत त्याचे निरनिराळे नमुने पाहायला मिळतात.

या विषयाचा शास्त्रीय अभ्यास टेलिफोनमुळे सुरू झाला. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतले डॅनिश गणिती आग्नर एरलांग यांनी 1909 मध्ये येणाऱ्या फोनच्या संख्येचे गणित मांडले. किती लाइनी ठेवल्या म्हणजे लोकांना फार थांबावे लागणार नाही, हा त्यांच्यापुढचा व्यवहारातला प्रश्न होता. पुढे 1961 मध्ये जॉन लिटल यांनी एक सोपा नियम सिद्ध केला : आत असलेल्या माणसांची सरासरी संख्या म्हणजे येण्याचा वेग गुणिले प्रत्येकाने आत घालवलेला सरासरी वेळ. एखाद्या दवाखान्यात तासाला 10 रुग्ण येत असतील आणि प्रत्येकाचा दीड तास मोडत असेल, तर बाहेरच्या बाकांवर आणि डॉक्टरांसमोर मिळून सरासरी 15 जण असणार. बाके किती लागतील, हे एवढ्यावरून काढता येते.

‘तासाला 10 गिऱ्हाइके येतात, आपण 10 उरकतो, मग रांग लागेलच कशाला?’ असा अनेक दुकानदारांचा हिशेब असतो. तो चुकतो, कारण माणसे घड्याळ लावून येत नाहीत. अर्धा तास कोणी फिरकत नाही आणि मग एकदम सहा जण दाराशी उभे राहतात. एकाला पाव किलो फरसाण हवे असते, तर दुसऱ्याला लग्नघरासाठी पंचवीस पुडे. रिकामा गेलेला अर्धा तास साठवून ठेवता येत नाही. तो गेला तो गेला. एकच खिडकी आहे आणि येणे व काम दोन्ही अनियमित आहेत असे धरले, तर खिडकी 80 टक्के वेळ कामात असताना तिथे सरासरी 4 माणसे असतात, 90 टक्क्यांना 9 आणि 95 टक्क्यांना 19. शेवटच्या पाच टक्क्यांत गर्दी दुपटीहून वाढते. कर्मचाऱ्याने क्षणभरही रिकामे बसू नये असा आग्रह धरणारा मालक स्वतःच रांग ओढवून घेतो. थोडी सवड हा सेवेचाच खर्च आहे, हे व्यवस्थापनात सगळ्यात आधी पटावे लागते.

पिठाची गिरणी या दृष्टीने बारकाईने पाहण्याजोगी आहे. इथे रांगेत माणूस उभा नसतो, डबा असतो. डब्यावर नाव आणि आत चिठ्ठी : ‘गहू, 5 किलो, बारीक’. घरचे माणूस डबा ठेवून भाजी आणायला जाते आणि संध्याकाळी पीठ घेऊन जाते. टोकन यंत्रे येण्याच्या कितीतरी आधीपासून ही सोय चालत आली आहे. शिवाय गिरणीवाला आला डबा तसा दळत नाही. बाजरीमागोमाग गहू टाकला तर पोळीला बाजरीचा वास लागतो, म्हणून गव्हाचे डबे एका पाठोपाठ, ज्वारी-बाजरीचे वेगळ्या वेळी. दिवाळीच्या तोंडावर चकलीच्या भाजणीसाठी काही ठिकाणी वेळच राखून ठेवतात. यात ज्वारीच्या एखाद्या डब्याला उशीर होतो, पण धान्य बदलताना जाते साफ करण्यात जाणारा वेळ वाचतो आणि एकूण सगळ्यांचे दळण लवकर होते. कारखान्यांतही एकसारखी कामे सलग घेतात, ती याच कारणाने.

मिठाईच्या दुकानांत दुसरी युक्ती दिसते. दसरा आणि गुढीपाडव्याला श्रीखंड अर्धा व एक किलोच्या डब्यांत आधीच भरून ठेवतात. त्यामुळे एका गिऱ्हाइकामागचा वेळ तर घटतोच, शिवाय तो सगळ्यांसाठी जवळपास सारखा होतो, आणि रांगेला त्याचाच जास्त उपयोग होतो. ऐन सणात वजन करून देण्याची आणि तयार डब्यांची खिडकी वेगळी ठेवली नाही, तर एक डबा घ्यायला आलेला माणूस पाच प्रकारांची मोठी यादी घेऊन आलेल्याच्या मागे अडकतो.

खिडक्या अनेक असतील तर सामायिक रांग एकच असावी आणि पुढचा माणूस रिकाम्या खिडकीवर जावा, ही पद्धत न्यायाची ठरते. रांग दिसायला लांब असते, पण ‘शेजारची ओळ सरकतेय, आपलीच अडली’ ही चडफड राहत नाही आणि एका खिडकीवर खोळंबा झाला तरी बाकीचे पुढे जातात. बँकांतली टोकन पद्धत हेच काम करते, वर बसायलाही मिळते. पासपोर्ट सेवा केंद्रात मात्र ए, बी आणि सी असे एकामागून एक तीन टप्पे असतात : आधी कागदपत्रे, छायाचित्र व बोटांचे ठसे, मग पडताळणी, मग मंजुरी. अशा साखळीचा वेग सर्वांत मंद टप्प्याएवढाच असतो. पहिल्या टप्प्यावर माणसे वाढवली आणि शेवटचा तसाच ठेवला, तर गर्दी फक्त आतल्या खोलीत सरकते.

दवाखान्यासाठी ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ नॉर्मन बेली यांनी 1952 मध्ये सुचवलेली रीत आजही उपयोगी आहे : सुरुवातीला दोघांना बोलवावे आणि पुढच्यांना सरासरी तपासणीच्या अंतराने वेळ द्यावी. त्यामुळे डॉक्टर रिकामे बसत नाहीत आणि वीस जणांना एकदम सहा वाजता बोलावण्याची वेळ येत नाही. ‘आत्ता कितवा नंबर चालू आहे?’ हा फोन पुण्यातल्या दवाखान्यांत सारखा येतो. त्याला खरे उत्तर देणे हीच मोठी सेवा आहे. किती वेळ लागेल ते ठाऊक असले की थांबणे सोसते; ठाऊक नसले की दहा मिनिटेही जड जातात.

नंबर डावलला गेल्याची शंका आली की माणूस जास्त चिडतो. फर्ग्युसन रस्त्यावरील वैशालीसारख्या उपाहारगृहांत सुट्टीच्या सकाळी दाराशी नावे लिहून घेतात. दोघांचे टेबल रिकामे झाले की यादीतल्या वरच्या चौघांना सोडून खालच्या दोघांना आत बोलवावे लागते. यात अन्याय नाही, पण दाराशी उभ्या असलेल्याने ते मोठ्याने सांगितले नाही तर वशिल्याचा संशय येणारच.

रांगेत क्रमाचा मान कसा चालतो, याचे पुण्यातले सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे अनंत चतुर्दशीची विसर्जन मिरवणूक. कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग आणि केसरीवाडा या मानाच्या पाच गणपतींचा क्रम ठरलेला आहे. लक्ष्मी, टिळक, कुमठेकर आणि केळकर या चार रस्त्यांवरून मंडळे येतात आणि सगळी टिळक चौकात, म्हणजे अलका चौकात, एकत्र होतात. रस्ते चार असले तरी खरी खिडकी हा एकच चौक. अलीकडच्या वर्षांत मिरवणूक चोवीस तासांहून अधिक चालली आहे. एखादे ढोल-ताशा पथक मधल्या चौकात रेंगाळले की पुढे मोकळा रस्ता पडतो आणि मागे मंडळे खोळंबतात. वर सांगितलेला वाया गेलेला वेळ तो हाच, आणि पहाटे कितीही घाई केली तरी तो भरून निघत नाही. दोन मंडळांमधले अंतर सांभाळण्यावर पोलिस आणि कार्यकर्ते भर देतात, ते म्हणूनच.

मोबाइलवरून पैसे देण्याची सोय झाल्यापासून गल्ल्यावरचा सुट्ट्या पैशांचा घोळ बराच कमी झाला, आणि पुणे मेट्रोचे तिकीट फोनवरच मिळत असल्याने खिडकीची गर्दीही घटते. ऑनलाइन नोंदणीचा लाभ मात्र ज्याला फोन हाताळता येतो त्यालाच होतो. म्हणून नोंदणी ऑनलाइन असली तरी समक्ष येणाऱ्यांसाठी एक खिडकी आणि दिवसातले काही नंबर राखून ठेवणे, आणि ज्येष्ठांना रांगेतला नंबर न गमावता बसता येईल अशा खुर्च्या मांडणे, या गोष्टी आराखड्यात पहिल्यापासून असाव्या लागतात.