गोल्डन डॉन: बनावट पत्रांवर उभी राहिलेली गुप्त संघटना

व्हिक्टोरियन लंडनमध्ये गूढविद्येची मंडळं बरीच होती. ‘हर्मेटिक ऑर्डर ऑफ द गोल्डन डॉन’ त्यांत सर्वांत नावाजली. कवी, नट्या, डॉक्टर, वकील अशी शिकलीसवरलेली माणसं तिथे शपथ घेऊन प्रवेश करत, परीक्षा देत आणि अदृश्य जगात फेरफटका मारायची शिस्तशीर तालीम घेत. बारा वर्षांत ही संघटना फुटली. तिच्या स्थापनेची कागदपत्रं पाहिली की फुटीचं कारण तिथेच सापडतं.

1887 साली विल्यम विन वेस्टकॉट याच्या हाती साठेक पानांचं एक सांकेतिक हस्तलिखित आलं. वेस्टकॉट लंडनमध्ये कॉरोनर होता, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी. शिवाय फ्रीमेसन या गुप्त बंधुमंडळाचा आणि रोझिक्रुशियन या गूढवादी मंडळाचा जुना सभासद. हे हस्तलिखित आपल्याला पाद्री वुडफर्ड यांच्याकडून मिळालं, असं तो सांगे. लिपी अवघड नव्हती. सोळाव्या शतकातल्या ट्रिथेमियसच्या ‘पॉलिग्राफिया’ या सांकेतिक लिप्यांवरच्या ग्रंथातली अक्षरं घेतलेली, एका अक्षराच्या जागी दुसरं, मजकूर उजवीकडून डावीकडे आणि आकड्यांच्या जागी हिब्रू अक्षरं. उलगडल्यावर निघालं ते साधं इंग्रजी: पाच दीक्षाविधींचे त्रोटक आराखडे.

कागदावर 1809 चं जलचिन्ह होतं, म्हणून तो पुरातन वाटे. पण जुना कोरा कागद मिळवणं काही कठीण नव्हतं. खरा पुरावा मजकुरात आहे. टॅरो या भविष्य सांगायच्या पत्त्यांतली बावीस मुख्य पानं आणि हिब्रूची बावीस अक्षरं यांची सांगड त्यात गृहीत धरली आहे, आणि ही सांगड फ्रान्समध्ये गूढविद्येचा लेखक एलिफास लेवी याने 1850 च्या दशकात रूढ केली. म्हणजे लिखाण त्यानंतरचं. बहुतेक अभ्यासक ते 1886 साली वारलेल्या केनेथ मॅकेन्झी या इंग्रज फ्रीमेसन लेखकाचं मानतात.

इथवर फसवणूक वेस्टकॉटने केली असं म्हणता येत नाही. पुढची पायरी मात्र त्याचीच. पानांसोबत जर्मनीतल्या ॲना स्प्रेंगेल नावाच्या साधिकेचा पत्ता सापडला आणि पत्रव्यवहारातून तिने इंग्लंडमध्ये शाखा काढायची सनद दिली, असं त्याने जाहीर केलं. या बाईला कोणीही भेटलं नाही. 1890 मध्ये तिच्या मृत्यूची वार्ताही पत्रानेच आली. पत्रांतली जर्मन इंग्रजी वळणाची आणि चुकांनी भरलेली आहे, हे पुढे जाणकारांनी दाखवून दिलं. एवढा खटाटोप कशासाठी? मेसनिक वर्तुळात परंपरेचा दाखला नसलेल्या संघटनेला किंमत नव्हती. म्हणून 1 मार्च 1888 ची सनद असलेल्या लंडनच्या इसिस-उरानिया मंदिरालाही (शाखेला ते मंदिर म्हणत) क्रमांक दिला तो तीन. आधीची दोन आहेत असं भासवण्यासाठी.

सोबत दोन संस्थापक होते. वृद्ध डॉक्टर वुडमन 1891 मध्ये वारला. दुसरा सॅम्युएल मॅकग्रेगर मॅदर्स, पैशाने कफल्लक आणि बुद्धीने अफाट. त्रोटक आराखड्यांतून भरगच्च विधी त्याने रचले. 1892 च्या सुमारास आतल्या वर्तुळासाठी त्याने सात भिंतींची समाधी-कोठडी सिद्ध केली: प्रत्येक भिंत पाच फूट रुंद, आठ फूट उंच, तिच्यावर चाळीस रंगीत चौकोन. मेसन लॉजमध्ये स्त्रियांना मज्जाव असताना इथे त्या बरोबरीने दीक्षा घेत आणि अधिकारपदंही सांभाळत. माझ्या मते संघटनेची सर्वांत मोलाची गोष्ट हीच.

अदृश्यातली सफर कशी करत, हे मराठी वाचकाला जवळचं वाटेल, कारण साधन आपलं पंचमहाभूतांचं होतं. मॅडम ब्लाव्हाट्स्कींची थिऑसॉफिकल सोसायटी 1879 ते 1882 मुंबईत होती. तिथेच सुरू झालेल्या ‘द थिऑसॉफिस्ट’ मासिकात पुढे राम प्रसाद यांचे या पाच तत्त्वांवरचे लेख आले. त्या तत्त्वांची चिन्हं गोल्डन डॉनने उचलली: पृथ्वीचा पिवळा चौकोन, आपाची रुपेरी चंद्रकोर, तेजाचा लाल त्रिकोण, वायूचं निळं वर्तुळ, आकाशाचं काळं-जांभळं अंडाकार. पुठ्ठ्यावर रंगवलेल्या चिन्हाकडे एकटक पाहायचं, मग नजर पांढऱ्या पृष्ठभागावर वळवायची. लाल त्रिकोणाच्या जागी हिरवट त्रिकोण तरळतो. डोळे मिटून त्याचं दार कल्पायचं आणि त्यातून आत जायचं. ही प्रतिमा काही क्षणांत विरते, म्हणून दार पक्कं होण्याआधी रेंगाळलं की सगळं हातचं जाई. दिसलेलं खरं की मनाचे खेळ, याची परीक्षाही ठरलेली. नुसती आठवण वर आल्याचा संशय असेल तर समोरच्या आकृतीवर शनीचं हिब्रू अक्षर ताव मनाने रेखायचं. मन भरकटल्याची शंका असेल तर चंद्राचं गिमेल. आकृती विरली तर ती खोटी.

मॅदर्स पॅरिसला गेला आणि चहाच्या व्यापारातल्या घराण्याच्या ॲनी हॉर्निमनच्या पैशांवर राहू लागला. 1896 मध्ये त्याने सभासदांकडे संपूर्ण शरणागती मागितली, हॉर्निमनने हात आखडता घेतला आणि वर्षअखेर तिला काढून टाकण्यात आलं. 1897 मध्ये वेस्टकॉटही बाहेर पडला; कॉरोनरने असल्या भानगडीत असणं वरिष्ठांना रुचलं नव्हतं. लंडनची सूत्रं नटी फ्लॉरेन्स फारकडे आली.

1900 च्या सुरुवातीला पॅरिसमध्ये एका बाईने आपणच ॲना स्प्रेंगेल असल्याचं मॅदर्सला पटवलं. त्या भरात फेब्रुवारीत त्याने फारला कळवलं की वेस्टकॉटची पत्रं बनावट आहेत. वेस्टकॉटला नमवायला सोडलेला हा बाण मॅदर्सच्याच सनदेवर बसला, कारण त्याचा अधिकारही त्याच पत्रांतून आला होता. सभासदांनी चौकशी समिती नेमली. त्यात कवी येट्स होता. वेस्टकॉट पुरावा देईना. मॅदर्सने ॲलिस्टर क्रोलीला लंडनला धाडलं. लंडनकरांनी वरची दीक्षा नाकारलेल्या या तरुणाला त्यानेच जानेवारीत पॅरिसमध्ये ती दिली होती. एप्रिलमध्ये क्रोलीने 36, ब्लाइथ रोडच्या संघटनेच्या खोल्यांचा ताबा घेऊन कुलपं बदलली. दोन दिवसांनी स्कॉटलंडच्या डोंगराळ हायलंड भागाचा पोशाख आणि काळा मुखवटा घालून तो पुन्हा हजर झाला. येट्सच्या बाजूने घरमालक आणि पोलीस आले, क्रोलीला परतावं लागलं आणि मॅदर्सची हकालपट्टी झाली.

ती तोतया बाई मॅदर्सकडचे विधी घेऊन पसार झाली. 1901 मध्ये ती आणि तिचा नवरा थिओ होरोस यांच्यावर लंडनमध्ये बलात्काराच्या प्रकरणात खटला चालला. त्याला पंधरा वर्षांची, तिला सात वर्षांची शिक्षा झाली. कोर्टात दीक्षाविधीचा मजकूर वाचला गेला, वर्तमानपत्रांत नाव झळकलं आणि सभासदांनी संघटनेचं नावच टाकलं. 1903 मध्ये दोन गट वेगळे झाले. त्यांपैकी ‘स्टेला मॅट्युटिना’ची शाखा डॉक्टर रॉबर्ट फेल्किनने न्यूझीलंडमधल्या हॅवलॉक नॉर्थला नेली. तिथल्या तळघरात मॅदर्सच्या आराखड्यावर बांधलेली सात भिंतींची कोठडी 1978 पर्यंत वापरात होती.