पत्त्यांची लेबलं कीबोर्डवरून छापताना शेवटची ओळ कुठे जाते?

आमच्याकडून लेबलांची पानं नेलेल्या, स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्रॅम) वापरणाऱ्या अंध ग्राहकांचा फोन आला की निम्म्या वेळा तक्रार एकच असते. 'स्क्रीन रीडर पत्ता पूर्ण वाचतो, पण छापलेल्या लेबलावर गाव आणि पिनकोडच नाही, असं घरचे सांगतात. पानं खराब आहेत का?' पानं खराब नसतात आणि तुमचा स्क्रीन रीडरही खोटं बोलत नाही. अडचण या दोघांच्या मधे आहे. ती एकदा समजली तर तुमची पानं आणि आपला दोघांचा वेळ वाचेल, म्हणून हे पत्रक.

वर्डमधलं लेबलांचं पान म्हणजे एक तक्ता असतो. एक लेबल म्हणजे एक चौकट, आणि तिची उंची पक्की बांधलेली. २१ लेबलांच्या ए४ पानावर (एव्हरी कंपनीचा क्रमांक एल७१६०) प्रत्येक लेबल ६३.५ मिमी रुंद आणि ३८.१ मिमी उंच असतं. उंची पॉइंटमध्ये, म्हणजे अक्षरं मोजायच्या मापात, मोजली तर १०८. मजकूर वाढला म्हणून ही चौकट ताणली जात नाही. जास्तीचा मजकूर फाइलमध्ये असतो, म्हणून एनव्हीडीए किंवा जॉज हा स्क्रीन रीडर तो वाचून दाखवतो, पण कागदावर मात्र तो कापला जातो. डोळस माणसाला पडद्यावर ओळ गायब झालेली दिसते. तुम्हाला ती ऐकू येत राहते, त्यामुळे शंका यायचं काही कारणच उरत नाही.

पत्ता तर चार-पाच ओळींचाच आहे, मग जागा का संपते? कारण एंटर दाबला की वर्ड नुसती ओळ बदलत नाही, नवा परिच्छेद सुरू करतो आणि दोन परिच्छेदांमध्ये बहुतेक वेळा ८ पॉइंट मोकळे सोडतो. ११ पॉइंटच्या अक्षराची ओळ साधारण साडेचौदा पॉइंट घेते, त्यात हे आठ. पाचवी ओळ काठावर येते, सहावी बाहेर. पत्ता मराठीत असेल तर अजून लवकर, कारण मंगलसारख्या फॉन्टची ओळ वेलांट्या आणि उकार सामावण्यासाठी मुळातच उंच असते.

उपाय एका मिनिटाचा आहे, पण तो सुरुवातीलाच करावा लागतो. खालची सगळी बटणं इंग्रजी मेनू असलेल्या डेस्कटॉप वर्डची आहेत. कीबोर्ड इंग्रजीवर ठेवा. ऑल्ट दाबून सोडा आणि पुढची अक्षरं एकामागून एक दाबा, एकत्र नाही. नव्या फाइलमध्ये ऑल्ट, एम, एस, ए दाबलं की लेबलांची खिडकी उघडते. तिथे टॅबने कंपनीच्या यादीवर जाऊन 'एव्हरी ए४/ए५' निवडा, मग पाकिटावरचा क्रमांक निवडून एंटर. आता कंट्रोल ए, मग ऑल्ट, एच, पी, जी. उघडलेल्या खिडकीत टॅब करत 'आफ्टर' ऐकू येईपर्यंत जा आणि तिथे शून्य टाका. 'लाइन स्पेसिंग' सिंगल करा, एंटर. आता ११ पॉइंटच्या इंग्रजी अक्षरात सात ओळी आरामात बसतात.

काहीजण एंटरऐवजी शिफ्ट एंटर वापरून मोकळी जागा टाळतात. हाताने टाइप केलेल्या एकट्या लेबलाला ते चालतं. एक्सेलच्या यादीवरून लेबलं काढताना मात्र टाळा. एखाद्याच्या पत्त्यात दुसरी ओळ रिकामी असेल तर साध्या एंटरच्या वेळी वर्ड ती रिकामी ओळ आपणहून काढून टाकतो, शिफ्ट एंटरच्या वेळी तशीच ठेवतो.

एक्सेलच्या यादीतले पत्ते लेबलांवर आपोआप भरण्याचं काम (मेल मर्ज) तुम्हाला माहीत आहेच, म्हणून थोडक्यात. कंट्रोल होम दाबून पहिल्या लेबलावर या. ऑल्ट, एम, आर, ई ने एक्सेलची फाइल निवडा. ऑल्ट, एम, आय ने नाव, पत्ता, गाव अशी एकेक जागा घाला, मधे एंटर. मग ऑल्ट, एम, बी ने तीच मांडणी बाकीच्या लेबलांवर न्या. हे विसरलात तर फक्त पहिल्या लेबलाला पत्ता मिळेल. दुसऱ्या लेबलापासून सुरुवातीला 'नेक्स्ट रेकॉर्ड' ऐकू येईल, तो कचरा समजून पुसू नका. पुसला तर तोच पत्ता दोन लेबलांवर येतो. शेवटी ऑल्ट, एम, एफ, ई ने सगळी लेबलं नव्या फाइलमध्ये घ्या.

त्या फाइलमध्ये कंट्रोल ऑल्ट आणि बाणांनी चौकटी फिरून ऐका. लेबलांचे स्तंभ तीन असले तरी तुम्हाला पाच ऐकू येतील, त्यातला दुसरा आणि चौथा रिकामा. तिथे पत्ता राहिलेला नाही. दोन लेबलांमधली अडीच मिलिमीटरची फट आहे ती. एका ग्राहकाने त्या रिकाम्या चौकटींत बेचाळीस पत्ते चिकाटीने हाताने भरले होते. ऐकायला सगळे बरोबर, कागदावर मात्र प्रत्येक फटीत अक्षरांची एक उभी रेघ. त्यांच्या मेहनतीचं आम्हाला फार वाईट वाटलं, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

कानांनी तपासून झालं तरी लेबलाचं पान लगेच घालू नका. कंट्रोल पी ने फक्त पहिलं पान साध्या कागदावर काढा आणि मोबाइलच्या कॅमेऱ्याने कागद वाचून दाखवणाऱ्या सीइंग एआय किंवा लुकआउट ॲपने वाचा. ही दोन्ही ॲप मोफत आहेत. प्रत्येक पत्त्याचा पिनकोड ऐकू आला तरच पुढे जा. हे ॲप फाइल वाचत नाही, कागद वाचतं, म्हणून इथे फसगत होत नाही.

आमची पानं एका कोपऱ्यात कापलेली का असतात, असं बरेचजण विचारतात. कोणी कोणी 'फाटकं' म्हणून परतही पाठवली आहेत. तो काप आम्ही एकेका पानाला हाताने देतो. पान उभं धरून काप वरच्या उजव्या हाताला ठेवला की लेबलांची बाजू तुमच्याकडे असते. नखाने चाचपलंत तर त्या बाजूला लेबलांच्या कडांच्या रेघा लागतील, मागची बाजू गुळगुळीत. कोपऱ्यातला काप लेबलांच्या बाहेर असल्याने छपाईत येत नाही. पाकिटावर लेबलांची संख्या आणि क्रमांक ब्रेलमध्ये असतो, तो याचसाठी की लेबलांच्या खिडकीत काय निवडायचं हे दुसऱ्याला विचारावं लागू नये.

लेझर प्रिंटरमध्ये अर्धी लेबलं काढलेलं पान पुन्हा घालू नका. आतल्या उष्णतेने उरलेलं लेबल सुटून रोलरला चिकटतं आणि त्याची दुरुस्ती लेबलांपेक्षा कितीतरी महाग पडते. दोन-चारच लेबलं नेहमी लागत असतील तर सुट्या पानांचं छोटं पाकीट मागा, आम्ही देतो.

उघडलेलं पाकीट आम्ही परत घेत नाही. पण बिघडलेलं एक पान आणून दिलंत तर कुठे चुकलं ते सांगतो, त्याचे पैसे नाहीत. तुमच्या संगणकाचा ताबा घेऊन आम्हीच काम का उरकत नाही, असाही प्रश्न येतो. तसं केलं तर पुढच्या वेळी पुन्हा आमची वाट बघावी लागेल. म्हणून फोनवर तुम्ही बटणं दाबायची आणि आम्ही ऐकत बसायचं, अशीच आमची पद्धत आहे. फोन करताना स्क्रीन रीडरचा आवाज स्पीकरवर ठेवा आणि लेबलांची फाइल उघडून ठेवा.