स्वस्तातला इंजिन स्टँड, जड इंजिन आणि मधलं अंतर

2021 च्या जुलैत चिपळूणमध्ये वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा आमचं गॅरेज गावाबाहेर उंचावर म्हणून वाचलं, पण पुढचे दोन-तीन महिने दारात गाड्यांची रांग होती, रिक्षा, टेम्पो, जीप, सगळ्यांच्या पोटात गाळ. इंजिन उतरवा, खोला, धुवा, परत बांधा, दिवसभर दुसरं काही नाही. त्या दिवसांत मला एक गोष्ट नीट कळली. आपल्याकडे असतं ते स्वस्तातलं सामान, म्हणजे उतरवलेलं इंजिन धरून फिरवायचा पाइपचा इंजिन स्टँड, घडी होणारी क्रेन, बॉटल जॅक, हे कमजोर असतं म्हणून त्रास देतं असं आपण धरून चालतो आणि मग वेल्डिंगवाल्याकडे जाऊन सगळीकडे जाड पट्ट्या मारून घेतो. लोखंड बहुतेक वेळा पुरेसं असतं. चुकलेली असतात ती अंतरं. कुठून किती लांब वजन लटकलंय, चाक किती मोठं आहे, पाय किती फाकलेत, ही अंतरं बदलली की तेच स्वस्त सामान एकदम हाताला हलकं लागतं.

आधी जॅक आणि क्रेनचं सांगतो, कारण त्याची गंमत त्या पुराच्या गाड्यांमध्येच बघायला मिळाली. चालतं इंजिन पाण्यात गेलं आणि सिलिंडरमध्ये पाणी ओढलं गेलं की कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला खालून जोडलेला दांडा, वाकतो. हवा दाबली की दबते, पाणी जवळजवळ दबतच नाही, पिस्टन वर यायला बघतो, जागाच नसते, मग सगळा जोर त्या रॉडवर येतो. आता हाच द्रवाचा न दबण्याचा स्वभाव जॅकमध्ये आपल्या कामाला येतो. 17 व्या शतकात पास्कलने सांगून ठेवलंय की बंद द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो. समजा जॅकचा पंपाचा पिस्टन 10 मिमीचा आणि मोठा पिस्टन 30 मिमीचा, तर व्यास तिप्पट म्हणजे क्षेत्रफळ 9 पट, म्हणजे जोर 9 पट. त्यात दांड्याची तरफ, 60 सेंमी दांडा आणि पंप टेकूपासून 3 सेंमीवर, म्हणजे आणखी 20 पट. एकूण 180 पट. ज्याने कनेक्टिंग वाकवला त्याच गुणाच्या जिवावर आपण एका हाताने इंजिन उचलतो.

पण क्रेनवर जॅक हुकाच्या खाली नसतो, खांबाच्या जवळ असतो. खांबाच्या पिनेपासून जॅक 40 सेंमीवर आणि हुक 120 सेंमीवर असेल तर 200 किलोच्या इंजिनासाठी जॅकवर साधारण 600 किलो येतात. दांडा बाहेर ओढून हुक 160 वर नेला की तेच 800. म्हणून त्या क्रेनच्या दांड्यावर भोकाभोकाला वेगळा आकडा लिहिलेला असतो, आतल्या भोकाला 2 टन आणि शेवटच्या भोकाला अर्धा टन, आणि घेणारा फक्त 2 टन वाचतो. इथे करायचं एवढंच की बॉनेटच्या पुढची जाळी, बंपर काढून क्रेनच आत सरकवायची, दांडा ओढायचा नाही. अर्ध्या तासाचं जास्तीचं काम आहे पण मी ते कायम करतो. जॅकमध्ये तेल कमी वाटलं तर जॅकचंच तेल घाला, ब्रेक ऑइल अजिबात नको, त्याने आतले रबरी सील फुगतात आणि जॅक भरल्या वजनाखाली हळूहळू बसायला लागतो. आणि जॅकच्या बॉडीला वेल्डिंगची काडी लावायची नाही, कधीच नाही.

साखळीचंही तसंच. त्याच 200 किलोच्या इंजिनाला दोन बाजूंनी साखळी बांधून वर हुकात घेतली आणि साखळ्या आडव्याशी 60 अंशात असल्या तर प्रत्येकीवर साधारण 115 किलो येतात. आखूड साखळी घेतली, कोन 30 अंशावर आला, की प्रत्येकीवर पूर्ण 200 किलो, आणि वर त्या साखळ्या इंजिनाचे कान आतल्या बाजूला ओढतात ते वेगळंच. साखळी लांब घ्या, वर उंची मिळत नसेल तर मध्ये एक आडवी पट्टी घाला. पट्टीला ओळीने भोकं पाडली की हुक पुढे-मागे करून इंजिन तिरकं किंवा सरळ करता येतं, कारण टांगलेली वस्तू आपला गुरुत्वमध्य हुकाच्या बरोबर खाली येईपर्यंत फिरते आणि मगच थांबते.

हा गुरुत्वमध्य शोधणं फार सोपं आहे आणि ते केल्याशिवाय स्टँडला हात लावू नये असं माझं ठाम मत आहे. गवंड्याचा ओळंबा घ्यायचा, इंजिन एका जागी धरून टांगायचं, हुकातून ओळंबा सोडायचा आणि दोऱ्याच्या मागे ब्लॉकवर खडूने रेघ मारायची. मग दुसऱ्या जागी धरून टांगायचं, परत रेघ. दोन रेघा छेदतात तिथे, आत कुठेतरी, सगळं वजन एकवटलंय असं समजायचं. एकदा पुढून आणि एकदा बाजूने बघितलं की नेमकी जागा कळते.

आता स्टँड. बाजारात मिळतो त्यात एक उभा खांब, वर आडवा पाइप, त्यात फिरणारा दुसरा पाइप, त्याला चार हात आणि ते हात फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनाच्या मागच्या जड चाकाच्या, बाजूने ब्लॉकला बोल्टने. म्हणजे सगळं इंजिन एका बाजूने हवेत. तुम्ही बाल्कनीच्या कठड्यातून बाहेर हात ताठ करून भरलेली कळशी धरून बघा, कळशी तीच पण छातीजवळ धरली तर काही वाटत नाही आणि लांब धरली की मिनिटात हात भरून येतो. स्टँडच्या पाइपचं तेच होतं. बाहेरचा पाइप 20 सेंमी लांब आणि इंजिनाचा गुरुत्वमध्य पाइपच्या तोंडापासून 30 सेंमी पुढे धरा. इंजिन पुढे खाली जायला बघणार, त्यामुळे आतला पाइप मागच्या टोकाला वर उचलला जाणार. हिशोब केला तर मागचं टोक 300 किलोने दाबतं आणि पुढचं 500 किलोने. इंजिन 200 चं, पण पाइपात पाइप घासतोय 800 किलोच्या दाबाने! म्हणून ते फिरवताना किरर्र आवाज येतो, अडकतं आणि मग झटक्यात सुटतं. लोक म्हणतात माल हलका. माल हलका नाहीये, अंतर जास्त आहे.

यावर तीन उपाय आहेत आणि तिन्ही मी करून बघितलेत. पहिला, ते चार हात आणि त्यातल्या बुश, म्हणजे बोल्टभोवतीच्या नळ्या, कापून जितके आखूड करता येतील तितके करा. 30 चं 20 सेंमी झालं तर 800 किलोचे 600 होतात, लेथवाल्याचे अर्ध्या तासाचे पैसे, बस. फ्लायव्हील काढावं लागतं हे धरूनच चाला. दुसरा, बाहेरच्या पाइपला दोन ग्रीस निपल बसवा आणि जमलं तर दोन्ही टोकांना पितळी बुश, म्हणजे आतला पाइप ज्यात फिरेल अशा कड्या. तिसरा, ज्याला मोठ्या डिझेलवर काम करायचंय त्याच्यासाठी, पुढच्या बाजूलाही एक खांब उभा करा आणि इंजिनाच्या पुढच्या माउंटिंगला पट्टी बांधून तिथेही फिरती पिन द्या, दोन्ही पिना मात्र एका रेषेत हव्यात. झोपाळा आपण कधी एका बाजूच्या कड्यांवर टांगत नाही, त्यातलाच प्रकार. दोन्ही बाजूंना मिळून 200 किलोच राहतात, 800 चा प्रश्नच मिटतो. मासेमारीच्या बोटीचं इंजिन किनाऱ्यावर आणून खोलणाऱ्यांनी तर एका खांबाचा नादच करू नये.

मग फिरवण्याचं. चार हात ज्या प्लेटला असतात तिथे खाचा असतात, आणि लोक जिथे बोल्ट पटकन बसला तिथे आवळून मोकळे होतात. समजा गुरुत्वमध्य फिरण्याच्या रेषेपासून 5 सेंमी वर राहिला. इंजिन आडवं होतं तेव्हा 200 गुणिले 5 म्हणजे 1000 किलो-सेंमीचा पीळ पडतो, अर्धा मीटरचा टॉमी, म्हणजे फिरवायचा दांडा, लावला तरी हाताला 20 किलो. आणि वाईट म्हणजे उभं असताना काही कळत नाही, थोडं कललं की ते स्वतःहून पलटायला लागतं. माझ्या समोर एकदा फिरता पाइप अडवून धरणारी पिन निसटली आणि टॉमी गरकन फिरला, नशिबाने तिथे पोरगा उभा नव्हता. तोच गुरुत्वमध्य रेषेपासून 1 सेंमीवर आणला की 20 चे 4 किलो होतात. ओळंब्याने मारलेल्या त्या खडूच्या रेघा इथे कामाला येतात, प्लेटच्या मधल्या रेषेवर खडूची खूण आणायची आणि मग बोल्ट आवळायचे. आमच्याकडे वाडीत पायरहाट होता, विहिरीचं पाणी काढायला पायाने फिरवायचं चाक, त्याची माळ पाण्याने भरली की एका बाजूला वजन जास्त आणि तेच वजन पायाने पेलायचं असतं, त्या चाकावर बसलेल्या माणसाला हे गणित कागदावर लिहून द्यावं लागत नाही.

ज्यांना आणखी आराम हवाय त्यांनी भंगारातून 1 ला 60 चा वर्म गिअरबॉक्स बघावा, त्यात वर्म नावाचा स्क्रूसारखा दांडा दातेरी चाक फिरवतो. हँडल 60 वेळा फिरवलं की इंजिन एकदा फिरतं, आणि हात सोडला की तिथेच थांबतं. का थांबतं हे समजून घेण्यासारखं आहे. वर्मचे आटे इतके सपाट असतात की चाक उलट वर्मला फिरवायला गेलं तर घर्षण त्याला हलू देत नाही. जो स्क्रू असा आपोआप अडकतो त्याची कार्यक्षमता नेहमी निम्म्याहून कमी असते, म्हणजे आपल्या मेहनतीतला अर्ध्याहून जास्त भाग घर्षणातच जातो. पण तेच घर्षण आपल्यासाठी इंजिन धरून उभं असतं, त्यामुळे वाया गेलं म्हणवत नाही. एवढं असूनही पिन काढून टाकू नका, हातोड्याचे धक्के बसत राहिले की वर्म थोडा थोडा सरकू शकतो.

चाकं. हा विषय कोकणात जास्त महत्त्वाचा कारण आमच्याकडे जमीन कधी सपाट मिळत नाही, कुठे जुना कोबा फुटलेला, कुठे चिऱ्यांचे सांधे, कुठे दाराची पायरी. चाक छोटं असलं की 10 मिमीचा उंचवटाही त्याला भिंत होतो. 75 मिमी व्यासाचं चाक अशा उंचवट्यावर चढवायला त्या चाकावर जेवढं वजन आहे त्याच्या 93 टक्के इतका आडवा जोर लागतो. 150 मिमीच्या चाकाला 58 टक्के, 200 च्या चाकाला 48. म्हणजे 50 किलो पेलणारं छोटं चाक सांध्यात अडकलं तर ते जवळपास 46 किलोने ढकलावं लागतं आणि ढकलणारा माणूस खांबाला वर धरून ढकलतो, खाली चाक अडलेलं, वर इंजिन, अख्खा स्टँड पुढे झुकतो. स्टँड आडवा होण्याचे जे प्रसंग मी बघितले त्यात बहुतेकांचं कारण हेच.

पण मोठी चाकं नुसती खाली लावली की नवी भानगड होते. समजा गुरुत्वमध्य 90 सेंमी उंच आणि मधल्या रेषेपासून चाक 35 सेंमीवर, तर स्टँड 21 अंश कलला की पलटी होतो. चाकं मोठी करून उंची 98 झाली की तो कोन 20 च्या खाली येतो. म्हणून चाकं पायाखाली लावू नका, पायाच्या बाहेरच्या बाजूला तुकडा जोडून तिथे लावा. त्याने मधलं अंतर 42 झालं तर कोन 23 वर जातो, म्हणजे आधीपेक्षाही भक्कम. क्रेनला मात्र मोठी चाकं लावू नका, तिचे पाय गाडीखाली जाणारच नाहीत.

वेल्डिंग करताना एक सांगतो आणि हे मनापासून सांगतो. इकडे घरोघरी जुने पाण्याचे जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेले, पाइप पडलेले असतात, ते वापरायचा मोह होतो. त्यावरचं जस्त 907 अंश सेल्सिअसला उकळतं आणि लोखंड 1500 च्या आसपास वितळतं, म्हणजे काडी लावली की जस्ताची वाफ होणारच. तो पांढरा धूर नाकात गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो, अंग मोडून येतं. थर घासून काढा, उघड्यावर काम करा, त्याहून चांगलं म्हणजे साधा काळा पाइप आणा.

आणि गंज. रत्नागिरीला वर्षाला 3000 मिमीच्या वर पाऊस पडतो, पण स्टँड तर छपराखाली असतो, मग तो गंजतो कसा? मीठ. साधं मीठ हवेत 75 टक्क्यांच्या वर दमटपणा गेला की स्वतःच पाणी ओढून वितळतं, पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं तेच. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइड असतं आणि त्याला तर 33 टक्केच पुरतात. म्हणजे खाऱ्या वाऱ्याने लोखंडावर बसलेला मिठाचा थर इकडे वर्षभर ओलाच. म्हणून रंग मारायच्या आधी लोखंड गोड्या पाण्याने धुवा, वाळवा, मग प्रायमर. पाइपाची तोंडं बंद करा पण खाली एक छोटं भोक ठेवा, नाहीतर आत साचलेलं पाणी आतून खातं आणि बाहेरून रंग चकचकीत दिसतो. बोल्ट 8.8 चे घ्या, त्यातला पहिला आकडा म्हणजे 800 मेगापास्कल ताकद आणि दुसरा म्हणजे त्याच्या 80 टक्क्यांपर्यंत तो ताणून परत जागेवर येतो. दर पावसाळ्यानंतर काढून आटे बघा.

सगळं झाल्यावर इंजिन लगेच चढवायचं नाही. 50 किलोच्या सिमेंटच्या 6 गोण्या आणायच्या, 300 किलो झाले, म्हणजे 200 च्या इंजिनाच्या दीडपट. फिरत्या प्लेटला एक मजबूत दांडा बांधून इंजिनाचा गुरुत्वमध्य जिथे येणार तिथेच त्या टांगायच्या, जमिनीपासून वीतभरच वर. आधी खांबाच्या शेंड्यापासून ओळंबा सोडून जमिनीवर खूण करायची. वजन चढवलं की ओळंबा खुणेवरून सरकतो, सरकू दे, लोखंड लवचीक आहे. तासभर लांब उभं राहून चहा घ्यायचा. मग गोण्या उतरवायच्या आणि ओळंबा स्थिर झाला की वाकून बघायचं. तो पहिल्या खुणेवर परत आला तर इंजिन चढवा. 2-3 मिमी जरी बाजूला राहिला तर लोखंड कुठेतरी कायमचं वाकलंय किंवा एखादा जोड सरकलाय, तो सापडेपर्यंत गोण्या आत नेऊ नका.