पणजीचं बर्मी माणिक आणि पॅरिसची भट्टी

आमच्याकडे पणजीची एक अंगठी आहे. पणजोबा रंगूनला नोकरीला होते, येताना त्यांनी ती आणली आणि त्यातलं माणिक अस्सल बर्मी, हे लहानपणापासून इतक्या वेळा ऐकलंय की त्यावर शंका घेणं म्हणजे घरात महाभारत. परवा तिचं कडं पार तारेसारखं झालं म्हणून आत्या सराफाकडे निघाली तर मीही गेलो. हातात घेऊन बघतो तर सोनं एवढं झिजलेलं, पण खड्याचे पैलू मात्र कालच पाडल्यासारखे धारदार!

याचं कारण अगदी साधं आहे. मोह्सच्या कठीणपणाच्या पट्टीवर सोनं अडीच-तीन, काच साधारण साडेपाच, धुळीत असते ती क्वार्ट्झची वाळू 7 आणि माणिक 9. म्हणजे आपण रोजची धूळ पुसतो तेव्हा सोन्यावर बारीक पॉलिश पेपरच फिरवतो म्हणा ना. काचेचा खडा असता तर इतक्या वर्षांत कडा बोथट होऊन आंधळा झाला असता. हा झाला नव्हता, म्हणजे काच नक्की नाही. आत्या खूश.

पण सराफाने खडा लॅबमध्ये पाठवला आणि तिथून उत्तर आलं की माणिक आहे, पण खाणीतलं नाही. आत्याचा चेहरा बघण्यासारखा झाला :)

माणिक म्हणजे काय, तर अॅल्युमिनियम ऑक्साइडचा स्फटिक. शुद्ध असेल तर रंगहीन. त्यात टक्काभर किंवा त्याहून कमी क्रोमियम घुसलं की ते हिरवा-पिवळा आणि जांभळा प्रकाश गिळतं आणि लाल तेवढा आपल्यापर्यंत येतो. ऑगुस्त व्हर्नॉय नावाच्या फ्रेंच केमिस्टने विचार केला की हे जमिनीखालीच व्हायला पाहिजे असं कुठे आहे? त्याने ऑक्सिजन-हायड्रोजनच्या ज्योतीतून अॅल्युमिनियम ऑक्साइड आणि किंचित क्रोमियमची पावडर चिमटी चिमटीने खाली पाडली, दोन हजार डिग्रीच्या वर ती वितळली आणि खालच्या दांडीवर थेंबाथेंबाने साठत काही तासांत गाजराएवढं नाही पण बोटाच्या पेराएवढं माणिक तयार! 1902 मध्ये त्याने हे जाहीर केलं आणि 1907 पर्यंत या पद्धतीने वर्षाला हजारेक किलो खडे निघायला लागले.

मग ओळखायचं कसं? हल्ली लोक यूव्ही टॉर्च मारून व्हिडिओ टाकतात, लाल चमकलं की अस्सल. तो प्रकार विसरा. चमकतं ते क्रोमियममुळे, बर्मी माणिकही चमकतं आणि भट्टीतलंही तितकंच किंवा जास्तच. खरी चहाडी करतात त्या आतल्या रेषा. खाणीतला स्फटिक सपाट थरांनी वाढतो म्हणून त्याच्या वाढीच्या रेषा सरळ, कोनात वळलेल्या. भट्टीतला थेंब वरून गोलसर असतो, त्यामुळे थरही गोलसर, मायक्रोस्कोपखाली जुन्या ग्रामोफोन रेकॉर्डच्या खाचांसारखे दिसतात, मध्ये कुठेतरी गॅसचे बुडबुडे. आमच्या खड्यात हेच होतं. आता गंमत अशी की याच 'दोषा'मुळे खड्याचं वय कळलं. तो व्हर्नॉयच्या भट्टीच्या आधीचा असूच शकत नाही, खाणीतल्या माणकाने इतकं स्पष्ट सांगितलं नसतं.

आणि अंगठीचं मूळ काम तरी काय, ओळख पटवणं. मुद्रिका हा शब्दच मुद्रेवरून आलाय, मुद्रा म्हणजे शिक्का. मारुतीने अशोकवनात सीतेला दाखवली ती रामाची अंगठी, दुष्यंताला शकुंतला आठवली ती माशाच्या पोटातल्या अंगठीवरून. दोन्हीकडे खडा किती कॅरेटचा होता हे कुणी विचारलं नाही.

अनामिकेचंही तसंच. या बोटातून थेट हृदयाला शीर जाते असं रोमन काळापासून सांगतात, प्रत्यक्षात सगळ्या बोटांच्या शिरा साधारण सारख्याच जातात. आपल्याकडे पूजेत दर्भाचं पवित्रकही याच बोटात घालतात. मला वाटतं यात थोडी सोयही असावी. तळहात टेबलावर टेका, मधलं बोट आत दुमडा आणि अनामिका उचलून बघा. उचलत नाही ना? मागच्या बाजूला तिचे स्नायुबंध शेजारच्या बोटांशी जोडलेले असतात, ती एकटी फारसं काही करत नाही, त्यामुळे तिथला दागिना त्यातल्या त्यात कमी आपटतो.

आत्या दोन दिवस गप्प होती. मग मी बाबांचं जुनं एचएमटी जनता घड्याळ दाखवलं, त्यावर '17 ज्वेल्स' लिहिलंय, ती ज्वेल्स म्हणजे अशीच बनवलेली माणकं, झीज होऊ नये म्हणून चाकांच्या आसांची टोकं फिरतात तिथे बसवलेली. ते तिने उलटसुलट करून पाहिलं, कानाला लावलं आणि म्हणाली, "कडं नवीन करून घे, पण खडा तोच ठेव. आणि बर्म्याचं नाही हे तुझ्या काकूला सांगायचं नाही."