कोडमधला रंग आणि गाडीवरचा रंग

जुन्या गाडीच्या दारावर ओरखडा पडतो. मालक दाराच्या चौकटीतल्या पट्टीवरून रंगाचा कोड उतरवून घेतो, त्याच कोडची टचअपची बाटली आणतो, नखाएवढ्या जागेवर लावतो आणि वाळल्यावर बघतो तर तो डाग ओरखड्यापेक्षा जास्त डोळ्यांत खुपतो. खापर दुकानदारावर फुटतं. खरं तर बाटलीतला रंग बहुधा बरोबरच असतो. गाडी कारखान्यातून बाहेर पडली त्या दिवशीचा तो रंग आहे, आणि मधली पंधरा-वीस वर्षं गाडी उन्हात उभी होती.

मोटारी नवीन होत्या तेव्हा कोड नावाची भानगडच नव्हती. घोडागाड्या रंगवणारे कारागीरच मोटारी रंगवत. तेलाचा रंग, त्यावर व्हार्निश, सगळं ब्रशने. एक थर वाळायचा, घासायचा, मग दुसरा. एका गाडीत काही आठवडे सहज जात. वर्षा-दोन वर्षांत व्हार्निश पिवळं पडे, मग निळी गाडी हिरवट दिसू लागे आणि ती पुन्हा रंगाला जाई. जुळवायचं असेल तर तोच कारागीर डोळ्याने अंदाज घेऊन डब्यात रंग कालवी. फोर्डने मॉडेल टी १९१४ ते १९२५ या काळात फक्त काळ्या रंगात विकली. काळा रंग स्वस्त होता, टिकाऊ होता. टचअपच्या दृष्टीने बघितलं तर इतकं सुखाचं दशक पुन्हा आलं नाही.

मग १९२३ साली ड्युको आला. ड्यूपाँ ही रसायन कंपनी आणि जनरल मोटर्स यांनी मिळून विकसित केलेला हा नायट्रोसेल्युलोज लॅकर, म्हणजे झटपट वाळणारा चकचकीत रंग, आधी जनरल मोटर्सच्याच ओकलंड गाड्यांवर लागला, तोही निळा. स्प्रेने मारायचा आणि काही तासांत वाळायचा. आठवड्यांचं काम तासांवर आल्याने कारखान्याला वाटेल तितके रंग परवडू लागले. १९२७ मध्ये जनरल मोटर्सने हार्ली अर्ल या डिझायनरच्या हाताखाली ‘आर्ट अँड कलर’ नावाचा विभागच उघडला. रंग विक्रीचा मुद्दा बनला, दरवर्षी नव्या छटा निघू लागल्या, आणि कुठली गाडी कुठल्या छटेची याची नोंद ठेवणं भाग पडलं. कोडची गरज इथून सुरू होते. ड्युको हे तर एका मालाचं नाव, पण मराठीत कित्येक पेंटर अजूनही गाडीच्या कुठल्याही रंगकामाला ड्युकोच म्हणतात.

रंग फिका पडतो म्हणजे नेमकं काय होतं? दोन गोष्टी होतात आणि त्यांची गल्लत केली की जुळवणी फसते. पहिली म्हणजे रंगकण धरून ठेवणारं रेझिन वरून झिजतं. उन्हातली अतिनील किरणं ते तोडतात, पांढऱ्या रंगातला टायटॅनियम डायऑक्साइड प्रकाशात या तुटण्याला उलट हातभारच लावतो, आणि पृष्ठभागावर खडूसारखी भुकटी धरते. दुसरी म्हणजे रंगकण स्वतःच मरतो. जुने सेंद्रिय लाल कण यात बदनाम. निळ्या-हिरव्याची बाजू १९३५ च्या सुमारास बाजारात आलेल्या थॅलोसायनिन या रंगकणाने पुष्कळ सावरली. लालला तसा भरवशाचा कण १९५८ मध्ये क्विनाक्रिडोनच्या रूपाने मिळाला.

पहिल्या प्रकारचं फिकेपण परतवता येतं. सिंगल स्टेजची, म्हणजे रंगावर क्लिअरचा पारदर्शक थर नसलेली, गुलाबी पडलेली लाल गाडी घ्या. मऊ फडक्यावर थोडं रबिंग कंपाउंड, म्हणजे बारीक घासणारी पेस्ट, घेऊन हातभर जागा घासा. फडकं लाल होतं आणि खालून जवळजवळ नवा रंग वर येतो. आता बाटली लावून बघा. ज्यांनी आधी टचअप केलं आणि मग गाडी पॉलिश केली, त्यांची फजिती मी पाहिली आहे: फिक्या अंगाशी मेहनतीने जुळवलेला ठिपका, आणि भोवतीचं अंग एका दुपारीत गडद.

१९८० च्या दशकात बेसकोट (खालचा रंगाचा थर) आणि क्लिअरकोटची पद्धत सर्वत्र पसरली आणि हा खेळ बदलला. आता रंगाचा थर जेमतेम पंधरा-वीस मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन), त्यावर चाळीस-पन्नास मायक्रॉन पारदर्शक क्लिअर. घासलं तरी फडक्याला रंग लागत नाही. तुमच्या गाडीवर कुठली पद्धत आहे हे ओळखायची ही सोपी खूणही आहे. क्लिअरखाली फिका झालेला रंग मात्र घासून परत येत नाही. मेटॅलिक असेल तर त्यात ॲल्युमिनियमचे बारीक पापुद्रे. स्प्रेमध्ये ते एका तऱ्हेने आडवे बसतात, ब्रशने वेगळ्या. त्यामुळे नव्या गाडीवरही ब्रशचा ठिपका समोरून एक दिसतो आणि तिरकं बघितलं की दुसराच.

रंग मोजण्याचं शास्त्रही या सगळ्या वर्षांत वाढत होतं. १९३१ मध्ये सीआयई या प्रकाश आणि रंगावरच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने रंग आकड्यांत मांडायची पद्धत ठरवली. त्याच वर्षी कुबेल्का आणि मुंक या शास्त्रज्ञांनी रंगाच्या थरात प्रकाश किती शोषला जातो, किती विखुरतो याचं गणित दिलं. संगणकावर रंगाचा फॉर्म्युला काढताना आजही त्याचा आधार घेतात. १९७६ मध्ये सीआयई-लॅब ही रंग मांडायची नवी पद्धत आली आणि दोन छटांमधला फरक एका आकड्यात सांगता येऊ लागला. आता स्पेक्ट्रोफोटोमीटर हे रंग मोजायचं यंत्र थेट गाडीच्या अंगावर टेकवतात, मेटॅलिकसाठी अनेक कोनांतून मोजणारं.

तरीही एक गाठ सुटत नाही. जुन्या लॅकरमधले शिशाचे पिवळे आणि नारिंगी कण आता सहसा वापरत नाहीत, युरोपात २००७ पासून गाड्यांच्या दुरुस्तीच्या रंगांतल्या सॉल्व्हंटवरही, म्हणजे रंग पातळ ठेवणाऱ्या उडून जाणाऱ्या द्रवावरही, मर्यादा आल्या. म्हणजे जुन्या कोडचा फॉर्म्युला आजच्या रंगकणांनी नव्याने बांधावा लागतो. कण वेगळे असले की दोन रंग ट्यूबलाइटखाली एक दिसतात आणि उन्हात वेगळे. याला मेटामेरिझम म्हणतात, आणि म्हणूनच जाणता पेंटर जुळवणी बघायला गाडी शेडबाहेर काढतो.

मुळात कारखान्यातूनही एका कोडचा रंग प्रत्येक खेपेला तंतोतंत सारखा निघत नाही. रंग कंपन्या एकाच कोडखाली थोडा पिवळसर, थोडा गडद असे व्हेरियंट ठेवतात, ते यासाठीच. जुनी गाडी असेल तर पेंटर पेट्रोलच्या टाकीचं झाकण काढून सोबत नेतो. बाहेरची बाजू पॉलिश करून तिच्याशी रंग जुळवतो, आतली उन्हापासून वाचलेली बाजू मूळ रंग काय होता ते दाखवते. कार्डावर स्प्रे मारून, पूर्ण वाळवून, क्लिअर देऊन मगच ते गाडीला लावून बघतो. एवढं करूनही फरक राहिला तर पेंटर एका पत्र्यावर थांबत नाही: नवा रंग शेजारच्या पत्र्यावर विरळ करत नेतो आणि क्लिअर मात्र दोन्हींवर पूर्ण मारतो.