हेडफोनचा ‘बास’: खर्ज वेगळा, घुमारा वेगळा

मागच्या महिन्यात भाच्यासोबत सांगलीत स्टँडजवळच्या एका मोबाईलच्या दुकानात हेडफोन बघायला गेलो होतो. बजेट पंधराशे. पहिलाच हेडफोन कानावर चढवून तो म्हणाला, “मामा, बास बघा, नाद खुळा!” मी ऐकला. लावलं होतं हलगी-घुमकं. घुमकं डोक्यात भरत होतं खरं, पण हलगीची काडी बोथट झाली होती, आणि पुढचं गाणं लावलं तर गाणारा घागरीत तोंड घालून गातोय असं वाटलं. मग मी खिशातला माझा वायरवाला इअरफोन त्याला दिला. “यात बासच नाही की!” मला तर त्यात बास पार तळापर्यंत ऐकू येतो. शब्द दोघांचा एकच, पण आम्ही बोलत होतो दोन वेगळ्या गोष्टींबद्दल.

फरक समजायला मिरजेचा तंबोरा आठवा. काळी एकमध्ये लावलेल्या पुरुषी तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा साधारण १३९ हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला १३९ कंपनांवर, बोलतात आणि खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९ च्या आसपास. या खालच्या पट्ट्याला, ढोबळमानाने ८० हर्ट्झच्या खालच्या आवाजाला, मी खर्ज म्हणतो. मोठ्या स्पीकरवर तो छातीलाही जाणवतो आणि गाण्याच्या वाटेत येत नाही. घुमारा त्याच्या वरचा, साधारण १०० ते ३०० हर्ट्झचा. पुरुषाच्या आवाजाचा पाया याच पट्ट्यात, पेटीचे खालचे स्वरही इथेच. हा पट्टा लागतोच, नाहीतर आवाज पत्र्यासारखा होतो. पण कंपनीने तो फुगवला की अभंगातले शब्द पुसट होतात, कारण खालचा मोठा आवाज वरच्या बारीक आवाजाला झाकतो. आपल्या कानाची रचनाच तशी आहे.

मग स्वस्तातले इतके हेडफोन घुमारा का फुगवतात? दुकानातल्या गोंगाटात दोन मिनिटं ऐकणाऱ्याला तोच ‘भारी’ वाटतो. आणि भाच्याची बाजूही खरी आहे. तो रोज तासगावहून एसटीने येतो. इंजिनाची घरघर खालच्याच पट्ट्यात असते, त्यामुळे गाडीत बास गिळला जातो आणि फुगवलेला हेडफोन ती तूट भरून काढतो. तोच हेडफोन रात्री घरी शांतपणे लावला की तासाभरात डोकं जड होतं.

आवडीत चूक-बरोबर नसतं, हे मी मनापासून मानतो. हार्मन कंपनीतले ध्वनिसंशोधक शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक श्रोत्यांवर चाचण्या घेतल्या. त्यात बहुतेकांना थोडा उचललेला बास आवडला, काहींना त्याहून जास्त हवा होता, काहींना कमी. पण जास्त काय हवंय, खर्ज की घुमारा, हे पैसे देण्याआधी कळायला हवं.

खोक्यावरून ते कळत नाही. ‘२० ते २०,००० हर्ट्झ’ जवळजवळ प्रत्येक खोक्यावर असतं, पण त्यातला कुठला स्वर किती जोरात वाजेल हे तिथे लिहिलेलं नसतं. ‘४० मिमी ड्रायव्हर’चंही, म्हणजे आतल्या स्पीकरच्या मापाचंही तेच. नुसतं तंबोऱ्याचं रेकॉर्डिंग लावूनही फसायला होतं. फोनच्या चिमुकल्या स्पीकरमधून ६९ हर्ट्झ धड निघत नाही, तरी खर्जाची तार ओळखू येते, कारण १३८, २०७, २७६ असे तिच्या पटीतले वरचे स्वर कानावर पडतात आणि मूळ स्वर मेंदू स्वतः जुळवून घेतो.

त्यापेक्षा फोनवर टोन जनरेटरचं, म्हणजे हव्या त्या हर्ट्झचा नुसता स्वर वाजवणारं, एखादं फुकट ॲप घ्या आणि हेडफोन लावून ऐका. आवाज बारीक ठेवा, ४० हर्ट्झपासून सुरू करा आणि हळूहळू ३०० पर्यंत चढवत न्या. ४० चा स्वर नेहमीच मंद वाटणार, कारण कान तिथे कमी तिखट असतो. तो फरफर न करता ऐकू आला तर खर्ज आहे. दीडशे-दोनशेजवळ स्वर एकदम अंगावर आला, तर तो घुमारा.

माझ्या इअरफोनमध्ये भाच्याला बास का सापडला नाही, ते घरी कळलं. त्यावरची मधल्या मापाची रबरी टोपी त्याच्या कानात सैल बसत होती. फट राहिली की सगळ्यात आधी खर्ज निसटतो. मोठी टोपी लावली आणि त्याच्या भुवया वर गेल्या. कानावर बसणाऱ्या मोठ्या हेडफोनमध्ये हीच फट चष्म्याच्या काडीमुळे पडते, म्हणून चष्मेवाल्यांनी चष्मा लावूनच हेडफोन पारखावा.

फुगलेला हेडफोन आधीच घेतला असेल तर फोनचा इक्वलायझर, म्हणजे प्रत्येक पट्ट्याचा आवाज वेगळा कमी-जास्त करायची सोय, उघडा. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये ६०, २३०, ९१० हर्ट्झ, ३.६ आणि १४ किलोहर्ट्झ अशा पाच पट्ट्या असतात. त्यातली २३० ची तीनेक डेसिबल खाली ओढा. घागरीतला गायक बाहेर येतो. उलटं मात्र साधत नाही. ज्या हेडफोनमध्ये खर्जच नाही, त्याची ६० ची पट्टी वर ढकलली की आवाज फाटतो.

पंधराशेच्या आत मी वायरवालाच घ्यायला सांगेन. ब्लूटूथमध्ये त्याच पैशातून बॅटरी, चिप आणि चार्जिंगची डबीही यायची असते. फोनला गोल जॅक नसेल तर टाइप-सीचा छोटा ॲडॉप्टर लागतो, तेवढं धरून हिशोब करा.

भाच्याने शेवटी नऊशेचा वायरवाला घेतला, मोठ्या टोपीसकट. एसटीतही त्याला तो पुरतो, कारण घट्ट बसलेली टोपी घरघर बरीचशी बाहेरच अडवते. परवा तेच हलगी-घुमकं लावून म्हणाला, “मामा, यात घुमकं खाली वाजतंय आणि हलगी वर, दोन्ही सुटं सुटं!”